‘मेथड’ म्हणजे पद्धत की पाठमाला? आणि ‘मिडल सी’ला ‘मधला सा’ म्हणावे का?

प्रश्न (फोंडा) : पियानोच्या नवशिक्या मुलांच्या पालकांसाठी मी मराठीत एक माहितीपत्रक लिहीत आहे. ‘आम्ही कोणती मेथड निवडतो’ या मथळ्यात मी ‘पद्धत’ हा शब्द घातला, तर सहकाऱ्याने ‘पाठमाला’ सुचवला. ‘मिडल सी’साठी, म्हणजे पियानोच्या मध्याजवळच्या ‘सी’ पट्टीसाठी, मी ‘मधला सा’ लिहिले आहे. जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर (म्हापसा) : दोन्ही शब्द बरोबर आहेत, कारण वस्तू दोन आहेत. पहिला भाग संपला की दुसरा घ्यायचा, अशी क्रमाने अवघड होत जाणारी पुस्तके म्हणजे पाठमाला. शिनिची सुझुकी यांनी व्हायोलिनसाठी रुजवलेली आणि पुढे पियानोकडे आलेली पद्धत पाहिली, तर तिच्यातही पुस्तके आहेतच. परंतु मूल मातृभाषा जशी आधी ऐकून बोलते आणि नंतर वाचते, तसेच संगीतही आधी कानाने यावे, हा विचार तिचा गाभा आहे, आणि त्या विचाराला पाठमाला म्हणता येणार नाही. पालक ‘कोणती मेथड?’ असे विचारतात तेव्हा त्यांना बहुधा दुकानात मागण्यासाठी पुस्तकाचे नाव हवे असते. आपल्या मथळ्यात ‘पद्धत’ राहू द्यावा आणि खरेदीच्या ओळीत ‘पाठमाला’ लिहावे.

उत्तर (पणजी) : वरील मताशी सहमत आहे, माझी हरकत ‘मधला सा’ला आहे. आपला सा चल आहे, तर ‘सी’ हे एका ठरावीक पट्टीचे नाव आहे. गोव्यात चर्चच्या परंपरेतून पोर्तुगीज वळणाचे दो-रे-मी शिकलेल्यांचा ‘दो’ जागचा हलत नाही, त्यामुळे त्यांना ‘दो म्हणजे सा’ हे समीकरण सोपे वाटते आणि तिथेच घोटाळा होतो. देवळातल्या भजनात पेटीवर बसणारी एक मुलगी माझ्याकडे आली होती. पहिल्याच दिवशी मी तिला ‘मधला सा वाजव’ म्हटले आणि तिने जराही न अडखळता काळी चार, म्हणजे सप्तकातली चौथी काळी पट्टी, दाबली, कारण तिचा सा तिथेच होता. चूक तिची नव्हती, माझ्या शब्दाची होती. पेटीवाल्यांकडे यासाठी नेमका शब्द आहे : मधल्या सप्तकातली पांढरी एक. पियानोच्या ८८ पट्ट्यांत डावीकडून मोजली तर ती चोविसावी पांढरी पट्टी येते. ‘पट्टी’ या शब्दाचेही दोन अर्थ होतात, कारण गाणारा ‘तुमची पट्टी कोणती?’ असे विचारतो तेव्हा त्याला लाकडी पट्टी नव्हे, तर सा कुठे धरायचा ते अभिप्रेत असते. पण संदर्भाने ते कळते.

पुढचा प्रश्न (फोंडा) : मग ‘मिडल सी मेथड’ला काय म्हणावे?

उत्तर (पणजी) : ‘मधल्या पांढरी एकपासूनची पद्धत’ हे लांबलचक आहे, पण खरे आहे. तिच्यात दोन्ही अंगठे त्या एकाच पट्टीवर ठेवून एकेक स्वर डावी-उजवीकडे वाढवत नेतात. सुरुवात सोपी होते, मात्र काही मुले स्वर न वाचता नुसते बोटांचे आकडे वाचू लागतात, आणि हात तिथून हलवला की त्यांचे वाचन कोलमडते. दुसरी पद्धत ‘मल्टी-की’, तिला ‘बहुपट्टी पद्धत’ म्हणावे : तिच्यात पाच बोटांचा तोच आकृतिबंध लवकरच वेगवेगळ्या पट्ट्यांवरून वाजवतात. पेटीवर काळी एक, काळी चार अशी पट्टी बदलत वाढलेल्या मुलांना ती परकी वाटत नाही, म्हणून अशा मुलांसाठी मी तीच निवडेन. कानाची तयारी असलेल्या मुलाला एकाच जागी महिनोन् महिने बसवणे मला पटत नाही.

उत्तर (म्हापसा) : तिसरी पद्धत राहिली. ‘इंटरव्हॅलिक’ला ‘स्वरांतर-वाचन पद्धत’ म्हणावे. तिच्यात काही मोजके खुणेचे स्वर पाठ करून घेतात आणि बाकीचे त्यांच्यापासून वर किंवा खाली किती दूर आहेत यावरून ओळखायला लावतात. नुसते ‘अंतर’ लिहिल्यास पालक बोटांमधले अंतर समजतील. वर्गात मात्र ‘स्वरांतर’ हा शब्द सहा वर्षांच्या मुलासमोर उच्चारू नये. शेजारची पांढरी पट्टी म्हणजे ‘पाऊल’ आणि एक सोडून पुढची म्हणजे ‘उडी’, एवढे त्याला पुरते.