मदत हवी आहे: जन्मदाखल्यावर 'बेबी', बाकी सगळीकडे दुसरंच नाव

नमस्कार मंडळी. माझा जन्म 1988 चा, सातारा जिल्ह्यातल्या एका गावातला. बारसं व्हायच्या आतच आजोबांनी ग्रामपंचायतीत नोंद केली आणि नावाच्या रकान्यात 'बेबी' लिहून मोकळे झाले. शाळेचा दाखला, आधार, पॅन, सगळीकडे मात्र बारशातलं नाव. इतकी वर्षं काही अडलं नाही, आता व्हिसासाठी जन्मदाखला मागितलाय.

कुणीतरी सांगितलं म्हणून शासन राजपत्रात नावबदल छापून घेतला. तो दाखवला तर ग्रामसेवक म्हणतात, "ताई, राजपत्र पुढच्यासाठी. जन्माच्या वेळचं नाव त्यानं कसं बदलेल?" त्यांचंही चूक नाही म्हणा. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात कलम 15 आहे ते नोंदीतली चूक दुरुस्त करण्याचं, तेही मूळ नोंद न खोडता समासात लिहून. पण 'बेबी' ही चूक धरायची की नाव? रकाना कोरा सोडला असता तरी बरं झालं असतं!

कुणी समासात 'उर्फ' असा शेरा मारून घेतलाय का? शाळेचा निर्गम उतारा आणि प्रतिज्ञापत्रावर भागलं, की कोर्टात जावं लागलं? पुढच्या महिन्यात व्हिसाची तारीख आहे.