मदत हवी आहे : २० केबी रॅममध्ये फ्रीआरटीओएस कसे बसवावे?

नमस्कार. काटोलकडील संत्राबागांसाठी मातीतील ओलावा मोजून तो लोरा या कमी विजेत दूरवर पोचणाऱ्या रेडिओवरून पाठवणारे यंत्र मी नागपुरात तयार करीत असून, त्यात ६४ केबी फ्लॅश आणि २० केबी रॅम असलेला एसटीएम३२एफ१०३सी८ हा मायक्रोकंट्रोलर वापरला आहे. त्यावर फ्रीआरटीओएस ही छोट्या चिपवर अनेक कामे आलटून पालटून चालवणारी प्रणाली असून, सेन्सर, रेडिओ, पंपाचा रिले आणि नोंदी अशा चार टास्क, म्हणजे स्वतंत्रपणे चालणारी कामे, आहेत. प्रत्येकीला २५६ वर्डचा, म्हणजे या ३२ बिटांच्या चिपवर १ केबीचा स्टॅक (टास्कची तात्पुरत्या कामाची मेमरी) दिला आहे. नोंदींच्या टास्कने स्प्रिंटएफ या मजकूर तयार करणाऱ्या सी फंक्शनमधून दशांश आकडा लिहिला, की चिप हार्डफॉल्ट या गंभीर त्रुटीत अडकते. त्या टास्कचा स्टॅक दुप्पट केला, तर ६ केबीच्या हीपमध्ये (ज्यातून टास्कना स्टॅक मिळतात त्या मेमरीच्या साठ्यात) शेवटची टास्क तयारच होत नाही, आणि हीप वाढवावा, तर उरलेली रॅम रेडिओच्या बफरांनी व्यापली आहे.

दशांशाऐवजी पूर्णांक वापरून सेन्सर व नोंदी एकाच टास्कमध्ये आणाव्यात, की कॉन्टिकी या छोट्या उपकरणांच्या ऑपरेटिंग सिस्टीममधील प्रोटोथ्रेड या हलक्या टास्ककडे वळावे? त्यांना स्वतंत्र स्टॅक लागत नाही, मात्र थांब्यानंतर लोकल व्हेरिएबलची किंमत टिकत नाही, ही अडचण मला मोठी वाटते. बोर्ड छापून झाले असल्याने मोठी चिप घेण्याचा सल्ला कृपया देऊ नये. स्टॅकची किमान शिल्लक मोजून हीपचे गणित कोणी बसवले असल्यास, कोणत्या टास्कला किती वर्ड पुरले ते कृपया कळवावे.