मुरूड नक्की कुठलं?

सोसायटी ग्रुप, रविवार दुपार

सी-४०२: मंडळी, आम्ही मुरूडला आहोत. गाडी वाळूत रुतलीये. ह्यांना लाटांच्या कडेकडेने चालवायची हौस आली. भरती सुरू झालीये. कोणाची ओळख आहे का इथे?

ए-१०१ काका: तरी मी म्हटलं होतं, ताम्हिणीने जाऊ नका.

सी-४०२: काका, ताम्हिणी काल सकाळीच उतरलो. माणगाव, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडल्याला गाडी फेरीबोटीत घातली, वेसवीला उतरून केळशी, आंजर्लं. कुठ्ठे काही झालं नाही.

ए-१०१ काका: तरीपण.

बी-२०५: माझा मावसभाऊ मुरूडलाच असतो. क्रेनवाला पाठवतोय. होड्या सुटतात त्या धक्क्यापाशी उभे राहा म्हणाला.

सी-४०२: कुठल्या होड्या?

बी-२०५: जंजिऱ्याच्या.

सी-४०२: अहो, आम्ही दापोलीच्या मुरूडला!! हर्णैच्या शेजारचं!

डी-३०३: मुरूड लातूरलाही आहे. माझं माहेर. तिथे समुद्रच नाही, कटकट नाही.

ए-१०१ काका: दापोलीचं मुरूड म्हणजे अण्णासाहेब कर्व्यांचं. १९५८ साली भारतरत्न मिळालं तेव्हा शंभरीत होते.

सी-४०२: काका, मागच्या चाकाला पाणी लागलंय.

ए-१०१ काका: लागू दे. कर्वे रोडवरून रोज जाणाऱ्याला एवढं माहीत हवं.

डी-३०३: टायरमधली हवा थोडी काढा. चाकापुढची वाळू उपसून गाडीतली रबरी मॅट घाला. ॲक्सिलरेटर दाबू नका, चाक जागच्या जागी फिरून अजून खाली जातं.

सी-४०२: ते दाबून झालंय. दार वाळूला टेकलंय आता.

सेक्रेटरी: हा ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी आहे. आज पाण्याचा टँकर उशिरा येईल.

बी-२०५: इथे पाणी येईना, तिथे थांबेना.

सी-४०२: निघालीऽऽ! होडी ओढणारे पाच-सहा जण आले, दोर बांधला, 'हय्या' म्हणाले, बाहेर! पैसे घेतले नाहीत. फक्त विचारलं, 'पुण्याचे ना?' नंबरप्लेट मागे पाण्यात होती हो, दिसत पण नव्हती.

बी-२०५: आमचा क्रेनवाला आगरदांड्याच्या जेट्टीवर पोचलाय. फेरीने दिघीला उतरून पुढे येऊ का विचारतोय. डिझेल कोण देणार?

(यावर दोन तास कोणीही काहीही लिहिलं नाही.)

सोमवार सकाळ

सेक्रेटरी: सी विंगच्या पार्किंगमध्ये घमेलंभर वाळू आणि लिफ्टमध्ये सुकटीचा वास आहे. संबंधितांनी खुलासा करावा.

सी-४०२: सुकट नाही, सुके बोंबील आहेत. हर्णै बंदरावरून आणलेत. वाळू झाडते.

ए-१०१ काका: अर्धा किलो बाजूला ठेवा. हिला कळू देऊ नका.

ए-१०१ काका: चुकून ग्रुपवर आलं. डिलीट कसं करतात?

ए-१०१ काकू: कळलं.