पावसाळ्यात बंब पेटवण्यासाठी घरातला कोणता टाकाऊ माल वापरावा?

पडवीतला पाहुणा
नमस्कार. गणपतीपर्यंत मी गुहागरजवळच्या आमच्या जुन्या घरी राहणार आहे. आंघोळीचे पाणी तांब्याच्या बंबात तापवतो. लाकडे पडवीत रचलेली असली तरी या हवेने दमट झाली आहेत, आणि रॉकेल आता घरात येत नाही. वर्तमानपत्राचे बोळे भराभर जळून जातात, पण ढलप्या नुसत्या धुमसत राहतात. शेजारच्या काकू दुधाची रिकामी पिशवी पेटवून टाकतात. मला तो वास सोसत नाही. घरात रोज निघणाऱ्या कचऱ्यातून जाळ धरण्यासाठी काय वापरता येईल?

सोडणवाला
नारळाची सोडणे (वरची तंतूंची साले) दारात पडलेली असताना कागदाच्या मागे कशाला लागता? सुके सोडण हाताने पिंजावे आणि तंतूंना चिकटलेला भुसा नीट झटकून टाकावा, कारण पाणी धरून ठेवतो तो भुसाच. मग तंतूंचा पाखराच्या घरट्यासारखा सैल गोळा करावा. घट्ट वळला तर आत हवा शिरत नाही आणि तो धुमसतो. त्यावर आधी काडीएवढी, मग बोटाएवढी लाकडे घालावीत आणि जाळ धरल्यावरच करवंटीचे तुकडे टाकावेत. करवंटी उशिरा पेटते, पण तिचा निखारा चांगला टिकतो. उद्याची सोडणे आजच्या बंबाच्या उबेला ठेवत जा.

वातीचे टोक
समईतल्या अर्धवट जळलेल्या, तेल प्यायलेल्या वाती मी डब्यात साठवते. (देवापुढच्या वाती बंबात घालाव्यात की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे.) सोडणाच्या गोळ्यात अशा दोन वाती खोचल्या की ज्योत बराच वेळ टिकते. संत्र्याची वाळलेली सालेही उपयोगी पडतात, कारण त्यांत लिमोनीन हे ज्वालाग्राही तेल असते. ओली साल ज्योतीजवळ पिळून ठिणग्या उडवण्याचा खेळ लहानपणी आपण सर्वांनीच केला असेल. कांद्या-लसणाच्या साली मात्र भसकन जळतात आणि संपतात. मेणबत्त्यांचे बुडखे उरले असतील तर गरम पाण्यात डबा ठेवून मेण वितळवावे, उघड्या आचेवर कधीही नाही, आणि ते लाकडाच्या भुशासह अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमधील खळग्यांत ओतावे. एकेक खळगा कापून वापरता येतो.

जुना बंबकरी
पिशवीचा नाद नकोच. पॉलिथीन वितळून पेटते थेंब गळतात आणि ते कातडीला चिकटतात. शिवाय त्याची काजळी बंबाच्या नळीत आतून बसली की पाणी तापायला वेळ लागतो. कचऱ्यात पीव्हीसीचा तुकडा आला तर धुरात डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्येही येऊ शकतात. गुळगुळीत छपाईचा कागदही टाळावा. त्यावर मातीचा लेप असतो, त्यामुळे तो नीट जळत नाही आणि राख मात्र ढीगभर करतो. पण मला शंका वेगळीच आहे. बंबाच्या खालची जाळी शेवटची कधी साफ केली होती? वारा खालून वर गेला नाही, तर कोरडे सोडणही तिथे धुमसेल.

पडवीतला पाहुणा
आपली शंका खरी ठरली. आज जाळी उपसली तेव्हा तीन ओंजळी राख निघाली आणि तिच्यात खिळ्यांसह एक जुना चमचाही सापडला. नंतर सोडणाचा गोळा आणि दोन वाती एवढ्यावरच बंब पेटला, काडीही एकच लागली. काकू येऊन पाहून गेल्या, पण पिशवी सोडायला त्या अजून तयार नाहीत.