घरच्या भजनात पट्टी कुणाची?

सूरदार: गणपतीत आजोबांपासून नातीपर्यंत सगळे भजनाला बसतात आणि पेटी सुरू होते आजोबांच्या काळी १ ला, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून. सुनेला, नातीला हवी काळी ४. काळी १ ला ध्रुवपद त्यांच्या गळ्याच्या तळाला जातं, नुसते ओठ हलतात. सप्तकभर वर घ्यावं तर अंतऱ्याच्या चढ्या सुरांत किंचाळणं. माझं मत स्पष्ट आहे: पांढरी ४ धरा. काळ्या-पांढऱ्या मिळून मोजल्या तर पुरुष चार पट्ट्या वर, बायका तीन खाली. सगळ्यांनी थोडं सोसायचं.

गजरा_गठ्ठा: साफ अमान्य. पांढरी ४ ला तार गंधारापर्यंत, म्हणजे वरच्या सप्तकातल्या ‘ग’पर्यंत, जाणारा अभंग एकाही पुरुषाच्या गळ्यातून निघणार नाही. दोन पट्ट्या ठेवा, आलटूनपालटून गा. तबल्याची चिंता नको. तबला सा, मध्यम (म) किंवा पंचम (प) यांपैकी एकाला लावतात. काळी ४ चा मध्यम म्हणजेच काळी १, त्यामुळे काळी १ चा तोच तबला दोन्हीकडे चालतो. पेटीवाल्याने सा हलवला की झालं.

सूरदार: आणि भूप राग आला की? त्यात मध्यम वर्ज्य, घ्यायचाच नाही. तबल्याच्या प्रत्येक ‘ना’ला तोच ठणठणत राहणार.

गजरा_गठ्ठा: हा मुद्दा बरोबर. तबला पंचमाला चढवायचा तर काळी १ वरून काळी २, म्हणजे दोन पट्ट्या. साडेपाच इंची पुडी (तबल्याचं कातडं) इतकी ताणली की गुंज जाते, जुनी असेल तर फाटतेसुद्धा. तुमच्या पांढरी ४ ची मात्र एक सोय आहे, ती नाकारत नाही: तबला एक पट्टी उतरवून पांढरी १ ला आणा, पंचम मिळतो. गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या वेणीवर, खालून वर हलके ठोके, समोरासमोरची घरं (वादीच्या फेऱ्यांमधल्या जागा) घेत. एकाच बाजूने सोळा घरं ठोकत गेलात तर तबला दोन आवाजांत बोलेल.

पायपेटी: ‘सा हलवला की झालं’ म्हणे! घरात पेटी बहुधा शाळकरी पोराकडे असते आणि त्याची बोटं शिकलेल्या एकाच पट्टीत बसलेली असतात. भूपापुरती काळी ३ घ्या. पाचही स्वर काळ्या पट्ट्यांवर येतात, पांढरीला हात लावायचा नाही. शिवाय काळी १ चा तबला तिथे आपोआप पंचम होतो.

टाळकरी: पट्टीवर एवढा काथ्याकूट! घरचं भजन बिघडतं ते लयीनं. दम संपत आला की पोरं ओळीचं शेपूट घाईत उरकतात, तबला त्यांच्यामागे पळतो, आणि तिसऱ्या कडव्याला आजी गाणं सोडून नुसती बघत बसते. उलट लय फार संथ ठेवली तर तिचा दम ओळीच्या मध्येच तुटतो. लय तिच्या श्वासावरून ठरवा. भजनी ठेक्याच्या आठ मात्रांत झांज फक्त समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, आणि टाळ थोरांच्या हाती.

सूरदार: लय पटली. पण काळी ३ ला आजोबांचा तार षड्ज, म्हणजे वरचा सा? गळा ताणून मान लाल होईल.

पायपेटी: अंतरा नातीला द्या. ध्रुवपदाला आजोबा आहेतच.

गजरा_गठ्ठा: म्हणजे आलटूनपालटूनच की! मी वेगळं काय म्हणत होतो?

सूरदार: तुम्ही पट्टी बदलत होतात, हे गाणारा बदलतायत. फरक आहे.