पाखरांपायी अडलेली कामं

पडवीतल्या दिव्याच्या वायरीवर शिंजिराचं घरटं लागलंय. मादी एकटीच खपते. कोळ्याची जाळी, सालपटं, मिळेल ते चिकटवते. नर जास्वंदीवर बसून नुसता चकाकतो. पंधरा दिवस दिवा बंद, जेवणं बॅटरीच्या उजेडात. तुमची कुठली कामं खोळंबली? सांगा.

गुहागर : आमचे नारळ नवरात्रापर्यंत माडावरच राहिले. विहिरीवर कललेल्या माडाच्या झावळ्यांना सुगरणीची सतरा घरटी. पाडेली म्हणाला, "मी नाय चढणार." मग रोज बघत बसलो. नाव सुगरण, पण विणतो तो नर, हे तेव्हा कळलं. भाताची पात चिरून आणतो, टोपीएवढं विणून झालं की थांबतो आणि उलटा लटकून पंख फडफडवतो. मादी आत शिरून तपासते. पसंत पडलं तरच खालची नळी विणायला घेतो. नाहीतर ते अर्धवट घर तसंच लोंबकळतं. आत्या म्हणाली, "घर बघितल्याबिगर हो म्हणत नाय, शहाणी आहे." पण ती अंड्यांवर बसली की हा पठ्ठ्या दुसरं घर विणायला मोकळा!

देवरुख : हद्दीवरचा बेहेडा विकला होता, इसारही घेतलेला. फेब्रुवारीत तोडीवाले आले नि म्हणाले, "ढोलीत ककणेर बसलीय." ककणेर म्हणजे धनेश. त्याची मादी ढोलीचं तोंड विष्ठेने नि फळांच्या गराने लिंपून स्वतःला कोंडून घेते, चोच जाईल एवढीच फट ठेवते. आत तिची उडायची पिसंही झडतात. नराला काही झालं तर सगळीच उपाशी. वडिलांनी इसार परत केला. मे महिन्यात पिल्लं उडाली. बेहेडा अजून उभा आहे, भाऊबंदकीही.

केळशी : समुद्री गरुडाचं कौतुक लांबूनच ठीक. आमच्या रायवळ आंब्यावर जोडप्याचं काटक्यांचं घरटं आहे, दरवर्षी त्यातच भर घालतात. खाली अर्धवट खाल्लेले मासे, समुद्री सापांचे सांगाडे. वाळवणं कधीच मागच्या दारी गेली. आई दरवर्षी म्हणते, "यंदा तोडूच."

मालवण : आमचं काम अडलं नाही, त्याचंच वाईट वाटतं. मेअखेरीस कौलं परतताना भिंतीच्या खोबणीत दयाळाची पिल्लं निघाली. आभाळ भरून आलेलं, गडी पुन्हा मिळणार नव्हते. घरटं उचलून पेरूच्या बेचक्यात ठेवलं. मादी चोचीत किडा धरून जुन्याच जागी येत राहिली. दुसऱ्या दिवशी पेरूखाली मांजर बसलेलं दिसलं.