शब्दचर्चा : ‘रेकॉर्ड’, ‘साँग’, नामांकन, मानकरी – ग्रॅमीची यादी मराठीत लिहिताना

प्रूफवाचक

ग्रॅमी या अमेरिकी संगीत पुरस्कारांच्या विजेत्यांची यादी मराठीत आणायची आहे. ‘रेकॉर्ड ऑफ द इयर’, ‘साँग ऑफ द इयर’ आणि ‘अल्बम ऑफ द इयर’ यांना तीन वेगळे शब्द हवेत. हाताशी असलेल्या मसुद्यात पहिल्याचे ‘वर्षातील विक्रम’ झाले आहे, ते अर्थातच उडवणार. पण पहिल्या दोहोंना ‘सर्वोत्कृष्ट गाणे’ म्हटले, तर २०२४ साली सर्वोत्कृष्ट गाणी दोन निघतात: माइली सायरसचे ‘फ्लॉवर्स’ आणि बिली आयलिशचे ‘व्हॉट वॉज आय मेड फॉर?’. खरे पहिले कोणते, असे वाचक विचारणारच. शिवाय नामांकन, मानांकन, श्रेणी, विभाग हे शब्द मसुद्यात कुठेही कसेही पडले आहेत.

तबकडी

इंग्रजी नाव बाजूला ठेवा आणि सोनेरी ग्रामोफोन, म्हणजे ग्रॅमीचे पुरस्कारचिन्ह, कोणाच्या हातात जातो ते पाहा. मराठी शब्द तिथेच सापडतो.

‘रेकॉर्ड’चा पुरस्कार गाणाऱ्याला मिळतो, प्रोड्यूसरला मिळतो, आणि ध्वनिमुद्रण, मिक्सिंग, मास्टरिंग करणाऱ्या तंत्रज्ञांनाही मिळतो. म्हणजे तो एका विशिष्ट मुद्रणाचा गौरव आहे. तिथे ‘ध्वनिमुद्रण’ किंवा जुना, गोड ‘ध्वनिमुद्रिका’ चालेल. ‘साँग’चा पुरस्कार मात्र शब्द लिहिणाऱ्याला आणि चाल बांधणाऱ्याला जातो. निव्वळ गाणाऱ्याला त्यातले काही मिळत नाही. बिलीला तो मिळाला तो गायली म्हणून नव्हे, भाऊ फिनियस याच्याबरोबर तिने ते रचले म्हणून.

फरक चटकन कळावा असे उदाहरण १९९४चे. ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’साठी व्हिटनी ह्यूस्टनला ‘रेकॉर्ड’चा पुरस्कार मिळाला. गाणे मात्र डॉली पार्टनचे, १९७४ साली आलेले. मुद्रण नवे, रचना जुनी. त्या वर्षी ‘साँग’चा मान ‘अ होल न्यू वर्ल्ड’ला गेला. दोन्हीकडे ‘सर्वोत्कृष्ट गाणे’ लिहिले की ही बातमी समजावून सांगताच येत नाही.

खर्ज

‘साँग’ला ‘गीत’ म्हणू नये. आपल्याकडे गीत म्हटले की फक्त शब्द. आपली श्रेयनामावली ‘गीत, संगीत, स्वर’ अशी तीन खणांची असते आणि गीतकार चालीला हात लावत नाही. ग्रॅमीतला साँगरायटर दोन्ही करतो, किंवा दोन्ही करणाऱ्या चमूत असतो. त्याला ‘गीतकार’ लिहिले की अर्धे श्रेय गेले.

शास्त्रात नेमका शब्द आहे: वाग्गेयकार. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’त तो येतो. वाक् म्हणजे ‘मातु’, गेय म्हणजे ‘धातु’. दोन्ही रचतो तो वाग्गेयकार. बंदिश बांधणाऱ्यालाही तो शोभतो.

प्रूफवाचक

बातमीत ‘वाग्गेयकार’ वाचून लोक पान उलटतील.

खर्ज

मग ‘रचना’ आणि ‘रचनाकार’. ‘गीतरचना’ नको, ती पुन्हा शब्दांकडे झुकते. ‘वर्षातील सर्वोत्कृष्ट रचना’ आणि ‘वर्षातील सर्वोत्कृष्ट ध्वनिमुद्रण’ अशी जोडी शेजारी छापली, तर वाचकाला कंसातल्या खुलाशाची गरज उरत नाही.

तबकडी

रचना मान्य. ‘प्रोड्यूसर’वरही थांबावे लागेल. मराठीत ‘निर्माता’ म्हणजे पैसे घालणारा; नाटक-सिनेमाने तो अर्थ पक्का केला आहे. रेकॉर्डचा प्रोड्यूसर वाद्ये ठरवतो, गायकाकडून हवे तसे गाऊन घेतो, कोणता टेक ठेवायचा ते सांगतो. त्याच्या कामात आपला संगीत संयोजक अर्धा आणि दिग्दर्शक अर्धा. मी ‘प्रोड्यूसर’च ठेवतो. ‘निर्माता’ लिहिले की कंपनीच्या मालकाला पुरस्कार मिळाल्यासारखे वाटते.

‘अल्बम’ तसाच ठेवा. ‘गीतसंग्रह’ म्हणजे पुस्तक, आणि ‘ध्वनिफीत’ कॅसेटबरोबर गेली. खरी चूक पुढे होते. ‘अल्बम ऑफ द इयर’चा विजेता कोण, याला आता मोजमाप आहे: अल्बमच्या एकूण वाजण्याच्या वेळेपैकी किमान २० टक्के वेळेत ज्याचे काम आहे तोच. पन्नास मिनिटांच्या अल्बममध्ये हे दहा मिनिटे भरते. एका चार मिनिटांच्या गाण्यात वाजवून गेलेल्या पाहुण्याला ‘ग्रॅमी विजेता’ लिहू नका. ‘ग्रॅमी मिळवलेल्या अल्बममध्ये सहभाग’ लिहा. त्यात त्याचा अपमान नाही.

शुद्धिपत्र

आता नामांकन. इथे मराठी वृत्तपत्रे दरवर्षी पाय घसरून पडतात.

पायऱ्या तीन आहेत. आधी ध्वनिमुद्रण कंपनी किंवा ग्रॅमी देणाऱ्या रेकॉर्डिंग अकादमीचा सदस्य ते काम पाठवतो. छाननीत ते नियमांत आणि योग्य गटात बसते का, एवढेच पाहतात. मग मतदार सदस्यांची पहिली फेरी, आणि तीतून निघतात ती नामांकने: ‘रेकॉर्ड’, ‘अल्बम’, ‘साँग’ आणि ‘बेस्ट न्यू आर्टिस्ट’ या चार प्रमुख गटांत प्रत्येकी आठ, बाकी गटांत साधारण पाच. मग अंतिम फेरी. पहिल्या पायरीवर शेकडो कामे असतात, आणि ‘आमच्या अल्बमचा ग्रॅमीसाठी विचार होत आहे’ अशी जाहिरात याच पायरीवरची असते. बातमीत तिचे ‘नामांकन’ होते. त्या पायरीला राज्य नाट्य स्पर्धेतला शब्द आयता आहे: प्रवेशिका. ‘ग्रॅमीसाठी प्रवेशिका पाठवली’ हे साधे आणि खरे वाक्य आहे. अर्थात त्याला मथळ्याचा दिमाख नाही, म्हणूनच कोणी लिहीत नाही.

‘मानांकन’ वेगळे. टेनिसपटूचे मानांकन असते, कारखान्याला गुणवत्तेचे मानांकन मिळते. ग्रॅमीचे नामांकनच. पण त्यावरून ‘नामांकित’ करू नका. मराठीत नामांकित म्हणजे प्रसिद्ध. ‘नामांकित गायिका’ म्हटले की सोहळ्याचा संबंध तुटतो. ‘नामांकन मिळालेली गायिका’ असे लांब लिहिणेच बरे. आशा भोसले यांना दोनदा ग्रॅमी नामांकन मिळाले, पहिल्यांदा अली अकबर खाँ यांच्याबरोबरच्या ‘लेगसी’साठी, दुसऱ्यांदा क्रोनोस क्वार्टेट या अमेरिकी तंतुवाद्य-चौकडीबरोबरच्या अल्बमसाठी. त्या नामांकित होत्याच, त्यासाठी ग्रॅमीची वाट पाहावी लागली नव्हती.

‘श्रेणी’ हा हिंदीतून घुसलेला. मराठीत श्रेणी परीक्षेत मिळते: अ, ब, क. फील्डला ‘विभाग’ आणि कॅटेगरीला ‘गट’ ठेवले की भागते.

खर्ज

विभाग-गट ठीक, पण ‘जॉन्र’चे काय? ‘शैली’ सर्रास लिहितात, मला ती खटकते. शैली माणसाची असते. घराणे शिष्यपरंपरेचे, बाज गाण्याच्या ढंगाचा. कंट्री, जॅझ, रॅप, गॉस्पेल हे ‘संगीतप्रकार’ आहेत.

त्यातून एक खाचखळगा. १९६८ साली रविशंकर यांना व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन यांच्याबरोबरच्या ‘वेस्ट मीट्स ईस्ट’साठी ग्रॅमी मिळाला तो चेंबर म्युझिकच्या गटात, म्हणजे पाश्चात्त्य अभिजात विभागात. ‘शास्त्रीय संगीतासाठी ग्रॅमी’ असे लिहिले की मराठी वाचक ख्याल-धृपद समजतो. पाश्चात्त्य क्लासिकलला ‘अभिजात’ आणि आपल्याला ‘शास्त्रीय’ हा भेद पाळावा. ‘वर्ल्ड म्युझिक’चा गट आला १९९२ साली. पहिला पुरस्कार अमेरिकी ड्रमवादक मिकी हार्ट यांच्या ‘प्लॅनेट ड्रम’ला मिळाला, आणि त्यात झाकीर हुसेन होते.

शुद्धिपत्र

त्याच गटाचे नाव अकादमीने २०२० साली बदलून ‘ग्लोबल’ केले. पाश्चात्त्यांव्यतिरिक्त सगळे ते ‘वर्ल्ड’ या जुन्या विभागणीला वसाहतवादाचा वास येतो, म्हणून. मराठीत दोन्हींचे ‘जागतिक’ होते आणि बदल गायब होतो. ‘वैश्विक’ सुचवाल, तर मराठी कानाला ते पसायदानाच्या दिशेने जाते. इथे लिप्यंतर करून ‘ग्लोबल म्युझिक’च लिहावे.

प्रूफवाचक

‘बेस्ट न्यू आर्टिस्ट’ला ‘नवोदित’ चालेल ना?

तबकडी

नाही. नियमात नवखेपणाची अट नाही. त्या वर्षात कलाकार लोकांच्या नजरेत भरला पाहिजे, ही मुख्य अट. गायिका शेल्बी लिनला तो २००१ साली मिळाला तेव्हा तिचे सहा अल्बम येऊन गेले होते. तिला नवोदित म्हणणे म्हणजे थट्टा. ‘नावारूपाला आलेला कलाकार’ हा नियमाचा जवळजवळ शब्दश: अर्थ आहे.

खर्ज

‘मानकरी’बद्दल मात्र मी आग्रही आहे. मूळ अर्थ परंपरेने मान असलेला, पालखीचा, गावच्या जत्रेचा. ग्रॅमी वंशपरंपरेने मिळत नाही हे खरे, पण मराठीने शब्द पुढे नेला आहे आणि तो ‘विजेता’पेक्षा भारदस्त आहे. विशेषत: जीवनगौरवासाठी, कारण तो गटागटाच्या मतदानातून येत नाही. तिथे ‘जिंकला’ हे क्रियापदच चुकते. रविशंकर यांना जीवनगौरव मरणोत्तर ‘दिला गेला’.

‘ग्रॅमीवर नाव कोरले’ हे मजेशीर. मंचावर हातात दिलेल्या ग्रामोफोनवर कोणाचेच नाव नसते, कारण निकाल आधी कोणाला ठाऊक नसतो. नाव असलेला नंतर घरी येतो. वाक्प्रचार म्हणून राहू द्या.

शुद्धिपत्र

तारखेकडे लक्ष द्या. ६६वा सोहळा ४ फेब्रुवारी २०२४ रोजी लॉस एंजेलिसला झाला, पण त्यात १ ऑक्टोबर २०२२ ते १५ सप्टेंबर २०२३ या काळातली मुद्रणे होती. ‘२०२४ची सर्वोत्कृष्ट गाणी’ असे म्हटले की चूक. ‘६६वा सोहळा’ लिहिले की वाद मिटतो. बहुतेक गटांचे पुरस्कार संध्याकाळच्या झगमगाटाआधी, दुपारच्या प्रीमियर सोहळ्यात दिले जातात. झाकीरभाईंना त्या सोहळ्यात मिळालेले तिन्ही ग्रॅमी तिथलेच. मग ‘एका रात्रीत तीन ग्रॅमी’ कसे? तिथे दुपार, आपल्याकडे ५ तारखेची पहाट. ‘एका दिवसात’ लिहा.

आणि ‘भारताला ग्रॅमी’ नको. पुरस्कार देशाला नसतो. ‘शक्ती’ या चमूच्या पुरस्कार मिळवलेल्या ‘धिस मोमेंट’ अल्बममध्ये शंकर महादेवन, गणेश राजगोपालन, सेल्वागणेश, झाकीर हुसेन यांच्याबरोबर जॉन मॅकलॉफ्लिन हे ब्रिटिश गिटारवादकही आहेत. झाकीरभाईंना पुरस्कार मिळवून देणाऱ्या ‘पश्तो’ या रचनेत राकेश चौरसियांच्या बासरीशेजारी बेला फ्लेक यांचा बँजो आणि एडगर मायर यांचा डबल बास आहे, दोघेही अमेरिकन.

प्रूफवाचक

तर वाक्य असे: ‘६६व्या ग्रॅमी सोहळ्यात झाकीर हुसेन तीन पुरस्कारांचे मानकरी ठरले, सर्वोत्कृष्ट ग्लोबल म्युझिक अल्बमचा पुरस्कार “शक्ती”च्या “धिस मोमेंट”ला मिळाला.’ ‘ग्रॅमी’ पुल्लिंगी धरला आहे.

तबकडी

बरोबर, पुरस्कार पुल्लिंगी म्हणून ग्रॅमी मिळाला, तीन ग्रॅमी मिळाले. ‘ग्रॅमीज’ नको, आणि मसुद्यात कुठे ‘ग्रॅमी अवॉर्ड पुरस्कार’ असेल तर त्यातला एक शब्द काढा.